केस नेणारे सेलेनियम आणि त्याला आवरणारी बुरशी

परवा सकाळी दवाखाना उघडून बसतो न बसतो तोच जवळच्या खेड्यातील एक आजीबाई आत आल्या. हात पुढे करून नाडी दाखवण्याऐवजी त्यांनी पदराखालून प्लास्टिकची पिशवी काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. पिशवीत पाव-अर्धा किलो गहू होते.

"डॉक्टरसाहेब, हे राशनचे गहू हायेत. माह्या लेकीचं सासर शेगावकडं हाये. तिकडच्या लोकायचे केस गेले म्हंतात ते गव्हानंच गेले ना? मंग हे खाऊ का फेकू, ते सांगा जी."

मी गहू हातात घेऊन पाहिले. किडके नव्हते, ओलसर नव्हते, वासही नव्हता. अशा गव्हात विष आहे की नाही, हे डोळ्यांनी सांगणारा डॉक्टर अजून जन्मला नाही. तसे मी आजींना सांगितले. त्यावर त्या म्हणाल्या, "मी दोन डाव धुतले, वाळवले. आता तर चालन?" बरोबर आलेल्या नातवाने, जो अमरावतीला कॉलेजात शिकतो, आणखी एक प्रश्न टाकला. त्याने कुठेसे वाचले होते की सेलेनियमचे विष बुरशी खाऊन टाकते. मग गव्हाला थोडी बुरशी येऊ दिली तर?

त्याचे म्हणणे अर्धे खरे होते. अशा बाबतीत अर्धे खरे फार घातक असते. म्हणून आजचा लेख या दोघांच्या प्रश्नांवर लिहीत आहे.

शेगाव तालुक्यात काय घडले?

बहुतेक वाचकांना ही हकिगत ठाऊक आहे, तरी थोडक्यात सांगतो. डिसेंबर 2024 च्या अखेरीस आणि जानेवारी 2025 मध्ये बुलडाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा, कठोरा, भोनगाव अशा गावांतून लोकांचे केस एकाएकी गळू लागले. आधी डोके खाजायचे, मग केस राठ व्हायचे आणि तीन-चार दिवसांत मूठमूठ केस हातात यायचे. बाया, पुरुष, शाळेतली पोरे, कोणी सुटले नाही. कित्येकांनी उरलेले केस स्वतःच भादरून टाकले. लग्नाच्या वयाच्या मुलींच्या घरी काय अवस्था झाली असेल, हे मी लिहिण्याची गरज नाही.

पहिला संशय पाण्यावर आला. हा सगळा पूर्णाकाठचा खारपाण पट्टा, पाणी आधीच मचूळ, त्यात नायट्रेटही जास्त निघाले. दुसरा संशय बुरशीवर आला. डोक्याच्या कातडीला गजकर्णासारखा बुरशीचा संसर्ग झाला असावा, असे सुरुवातीला बोलले गेले. पण गजकर्णाने अख्खे गाव तीन दिवसांत टकले होत नाही. गजकर्णाचा चट्टा हळूहळू पसरतो, त्याला कड असते, आणि तो एका घरातून दुसऱ्या घरात जायला आठवडे घेतो.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पथके आली, त्यांनी रक्त, केस, पाणी, धान्य यांचे नमुने नेले. पुढे रुग्णांच्या रक्तात सेलेनियम वाढलेले असल्याचे बाहेर आले. त्याच सुमारास महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर या गावांत स्वतः फिरले. विंचूदंशावरील कामामुळे सर्वांना माहीत असलेले, 2022 साली पद्मश्री मिळालेले हेच ते डॉक्टर. त्यांनी 18 गावांतील 279 रुग्ण मोजले. रेशनच्या गव्हाचे नमुने त्यांनी तपासून घेतले, तेव्हा किलोमागे 14 मिलिग्रॅमच्या वर सेलेनियम निघाले. हा गहू पंजाबातील सेलेनियमयुक्त जमिनीतून आला असावा, असे त्यांचे म्हणणे आहे. रुग्णांच्या रक्तात जस्ताचे प्रमाण कमी असल्याचेही त्यांनी नोंदवले. एप्रिल 2025 मध्ये याच भागातून नखे खराब होऊन गळण्याच्या तक्रारी आल्या. केस आणि नखे एकामागोमाग जाणे, ही सेलेनियमची जुनी ओळखीची खूण आहे.

समाधानाची गोष्ट एवढीच की पुष्कळांचे केस काही आठवड्यांत पुन्हा येऊ लागले.

मीठ हवे, पण चिमूटभर

सेलेनियम हे मूलद्रव्य स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी 1817 साली शोधले आणि चंद्रावरून त्याला नाव दिले. पुढे शंभरावर वर्षे त्याची ओळख केवळ विष म्हणून होती. 1957 साली मात्र लक्षात आले की अत्यल्प प्रमाणात ते शरीराला लागतेच. थायरॉईड ग्रंथीचे काम नीट चालण्यासाठी आणि पेशींची झीज रोखण्यासाठी ते वापरले जाते. चीनमधील केशान भागात जमिनीत सेलेनियम फारच कमी, म्हणून तेथील मुलांची व तरुण बायांची हृदये दुबळी होत. त्याच चीनमध्ये, हुपेई प्रांतातील एन्शी भागात, 1961 ते 1964 या काळात उलटे घडले. दगडी कोळशातून जमिनीत उतरलेले सेलेनियम पिकांत गेले आणि गावेच्या गावे केस व नखे गमावून बसली. एकाच देशात दोन टोके.

आता प्रमाण पाहू. मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे 40 मायक्रोग्रॅम सेलेनियम पुरते. एक मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग. दिवसाला 400 मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये, असे अमेरिकेतील तज्ज्ञ मानतात. युरोपातील तज्ज्ञ तर त्याहूनही खालची मर्यादा सांगतात. आपल्याकडचा कष्ट करणारा माणूस दिवसाला 400 ग्रॅम गव्हाच्या पोळ्या सहज खातो. किलोला 14 मिलिग्रॅम सेलेनियम असलेले गहू असतील, तर त्याच्या पोटात दिवसाला 5600 मायक्रोग्रॅम जाईल. म्हणजे गरजेच्या 140 पट. एन्शीच्या रुग्णांच्या आहारातही दिवसाला सरासरी 5 मिलिग्रॅमच्या आसपास सेलेनियम जात होते, असे चिनी संशोधकांनी 1983 साली लिहून ठेवले आहे. हे दोन आकडे इतके जवळ आहेत की मी पहिल्यांदा हिशेब केला तेव्हा पुन्हा एकदा मांडून पाहिला.

केसच का जातात? सेलेनियम हा गंधकाचा जुळा भाऊ म्हणावा असा आहे. केस आणि नखे ज्या प्रथिनाची बनतात, त्याला मजबुती गंधकाच्या जोडण्यांनी येते. शरीराला गंधक आणि सेलेनियम यांतला फरक नीट कळत नाही. सेलेनियम जास्त झाले की ते गंधकाच्या जागी जाऊन बसते आणि ती जोडणी कच्ची राहते. चुन्याऐवजी राखेने भिंत बांधावी, तसे. गव्हाच्या झाडाचीही हीच फसगत होते. ते जमिनीतले सेलेनियम गंधक समजून ओढून घेते आणि दाण्याच्या प्रथिनातच गुंफून टाकते. म्हणून आजींनी दोनदा धुतल्याने काही साधत नाही. डॉ. बावस्करांच्या नमुन्यांतही धुतलेल्या गव्हातले सेलेनियम न धुतलेल्याच्या जवळपासच होते. भाजून, दळून, चाळूनही ते जात नाही. ते दाण्यावर नसून दाण्यात असते.

लसणाचा वास कोठून येतो?

सेलेनियमची बाधा झालेल्या माणसाच्या श्वासाला लसणासारखा वास येतो. लसूण न खाताही येतो. हा वास डायमिथिल सेलेनाइड नावाच्या वायूचा असतो. शरीर जादा सेलेनियमला कार्बनचे दोन गट चिकटवते, त्याचा उडून जाणारा वायू बनवते आणि फुप्फुसावाटे बाहेर टाकते. बाकीचे मूत्रावाटे जाते.

हीच युक्ती बुरशीला माणसाच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. ती माणसाला कशी कळली, याची गोष्ट मोठी गमतीची आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपात भिंतींना हिरवे कागद चिकटवण्याची फॅशन होती. त्या हिरव्या रंगात सोमल, म्हणजे आर्सेनिक असे. दमट घरात त्या कागदावर बुरशी चढे, खोलीला लसणासारखा वास येई आणि माणसे आजारी पडत. इटलीतील डॉ. गोसिओ यांनी 1890 च्या दशकात उकडलेल्या बटाट्याच्या लगद्यात सोमल घालून त्यावर बुरशी वाढवली, तेव्हा तोच वास आला. बुरशी सोमलाचा वायू करीत होती. पुढे इंग्लंडमध्ये लीड्स येथील प्राध्यापक चॅलेंजर यांनी तो वायू नेमका कोणता हे ठरवले. 1934 साली त्यांनी पावाच्या चुऱ्यावर तीच बुरशी वाढवून त्यात सेलेनियमचे क्षार घातले आणि डायमिथिल सेलेनाइड मिळवला. शिळ्या पावावरची बुरशी आणि सेलेनियम बाधलेला माणूस, दोघेही श्वासातून एकच वायू सोडतात!

बुरशीजवळ दुसराही एक उपाय आहे. पाण्यात विरघळणारे सेलेनियमचे क्षार ती पेशीत घेते आणि त्यांचे शुद्ध, न विरघळणारे सेलेनियम करून टाकते. हे सेलेनियम तांबडे असते. प्रयोगशाळेत काचेच्या बशीत वाढवलेली पांढरी बुरशी अशा वेळी विटकरी लाल होते. विरघळत नाही म्हणून ते पिकाच्या मुळाला सहजी मिळत नाही आणि पाण्याबरोबर वाहत नाही. विष तेथेच असते, पण कुलूपबंद.

कॅलिफोर्नियातली बारा तळी

एवढ्यावर ही गोष्ट पुस्तकातच राहिली असती. पण 1983 साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात केस्टरसन नावाच्या ठिकाणी पक्ष्यांच्या अंड्यांतून डोळे नसलेली, चोच वाकडी झालेली, पाय नसलेली पिल्ले निघाली. तळ्यांतले मासेही मेले होते, फक्त डासांच्या अळ्या खाणारी एक चिवट जात तेवढी उरली होती.

कारण आपल्या शेतकऱ्यांना चटकन समजेल असे आहे. सॅन होआकिन खोऱ्याच्या पश्चिम भागात कालव्याचे पाणी आले, ओलीत वाढले, जमिनी चिबडल्या. जमिनीखालचे खारे पाणी काढून देण्यासाठी मोठा चर खणला आणि त्याचे पाणी केस्टरसनच्या 12 तळ्यांत नेऊन सोडले. त्या भागातली माती सेलेनियम असलेल्या खडकांपासून झालेली. पाण्याबरोबर ते सेलेनियम तळ्यांत आले. उन्हाने पाणी आटत गेले, सेलेनियम साचत गेले.

(येथे एक गैरसमज आधीच दूर करतो. आपला खारपाण पट्टाही खारा आहे, म्हणून त्यातही सेलेनियम असणारच, असे कोणी समजू नये. आपल्याकडचा खारेपणा मुख्यतः सोडियमच्या क्षारांचा आहे.)

तळी बंद करून सुकवली. उरली ती सेलेनियम भरलेली गाळाची जमीन. एवढी माती खणून कोठे नेणार? तेव्हा रिव्हरसाइड येथील विद्यापीठात फ्रँकेनबर्गर आणि कार्लसन या संशोधकांनी वेगळा विचार केला. त्यांनी बाहेरून बुरशी आणून घातली नाही. त्या विषारी मातीतच जगून राहिलेली बुरशी शोधली. तीत अल्टरनेरिया होती, अ‍ॅक्रिमोनियम होती, पेनिसिलियम होती. अल्टरनेरिया म्हणजे आपल्या कपाशीच्या पानांवर आणि टमाट्यावर करपा आणणारी तीच मंडळी. ती सेलेनियमचा वायू करून सोडत होती, फक्त फार सावकाश. तिचा वेग वाढवायला काय लागते, तर ओल, ऊब, हवा आणि खाद्य.

म्हणून त्यांनी काय केले? जमिनीचे तुकडे पाडले, पाणी देऊन माती ओलसर ठेवली, वरचेवर नांगरून हवा खेळती ठेवली आणि निरनिराळ्या तुकड्यांत निरनिराळे खाद्य घातले. एकात शेणखत, एकात दुधातले केसीन हे प्रथिन, आणि एकात संत्र्या-मोसंबीच्या साली! चांदूर बाजार तालुक्यातील बागाईतदारांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे. आपल्याकडे जी साल उकिरड्यावर जाते, ती तेथे जमिनीचे विष उतरवायला वापरली गेली.

निकाल? सुमारे 100 महिन्यांत, म्हणजे आठ वर्षांच्या वर काळात, मातीच्या वरच्या थरातले दोन-तृतीयांशापेक्षा अधिक सेलेनियम गेले. केसीन घातलेल्या जागी काम जास्त झाले. उन्हाळ्यात वेग वाढे, थंडीत मंदावे. हवेत गेलेला तो वायू मूळ क्षारांच्या मानाने पाचशे ते सातशे पट कमी विषारी असतो आणि वाऱ्याबरोबर विरून जातो.

मात्र दोन गोष्टी मोकळेपणाने सांगितल्या पाहिजेत. पहिली, सेलेनियम हे मूलद्रव्य आहे, ते नष्ट होत नाही. बुरशी ते "खाऊन टाकते" हे नातवाचे म्हणणे येथे चुकते. ती त्याचे रूप बदलते आणि ते एका जागेवरून उठवून पातळ करून पसरवते. दुसरी, आठ वर्षे म्हणजे शेतकऱ्याच्या घरात पोराचे शिक्षण आणि पोरीचे लग्न उरकण्याचा काळ. एवढा काळ पीक न घेता जमीन फक्त नांगरत बसणे अमेरिकेच्या सरकारला जमते, दोन एकरवाल्याला नाही.

पंजाबातील पेंढा आणि धिंगरी

मग पंजाबात काय करावे? तेथील नवांशहर (आताचा शहीद भगतसिंग नगर) आणि होशियारपूर जिल्ह्यांतील काही गावांत शिवालिकच्या डोंगरांतून पावसाळी ओढ्यांनी आणलेले सेलेनियम शेतात साचले आहे. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने यावर अनेक वर्षे काम केले आहे. तेथील जनावरांचे खूर आणि शिंगे झडत, शेपटीचे केस जात. माणसांचीही केस-नखे जात. शेगावची गोष्ट त्या गावांना नवी नाही.

याबाबत एक आठवण पशुवैद्य मित्रांना होईल. पंजाब-हरियाणाकडे म्हशींना देगनाला नावाचा रोग होतो. त्यात शेपटी, कान, खूर सडतात. कोणी म्हणतो भाताच्या पेंढ्यावरची बुरशी त्याला कारण, कोणी म्हणतो पेंढ्यातले सेलेनियम. शेगावातही पहिल्यांदा बुरशीकडे आणि मग सेलेनियमकडे बोट गेले. हे दोघे असे वारंवार एकाच खटल्यात आरोपी म्हणून उभे राहतात. रोग्याच्या दृष्टीने फरक मोठा आहे, कारण एकावर मलम लागते आणि दुसऱ्यावर ताटातले धान्य बदलावे लागते.

पतियाळ्याच्या थापर विद्यापीठातील संशोधकांनी अशा सेलेनियमयुक्त जमिनीतले गव्हाचे काड घेऊन त्यावर धिंगरी अळिंबी वाढवली. अळिंबी हीसुद्धा बुरशीच. तिने काडातले सेलेनियम आपल्या अंगात ओढून घेतले. 2013 साली हे काम प्रसिद्ध झाले. कल्पना अशी की जेथे लोकांच्या आहारात सेलेनियम कमी पडते, तेथे ही अळिंबी थोड्या प्रमाणात कामी यावी. विषाचे औषध करण्याचा हा प्रकार मला आवडतो, पण त्यात मोजमाप चुकले तर औषधाचे विष व्हायला वेळ लागत नाही. घरी काडावर धिंगरी घेणाऱ्या आपल्याकडच्या महिला गटांनी एवढे लक्षात ठेवावे की काडात जे असेल ते अळिंबीत उतरते. म्हणून काड ओळखीच्या शेतातले असावे.

मोहरीवर्गीय पिकेही जमिनीतून भरपूर सेलेनियम उचलतात, आणि ती पेरून जमीन हलकी करण्याचे प्रयोग झाले आहेत. माझे मत विचाराल तर पंजाबातल्या त्या शेतांत ही पिके, सेंद्रिय खत आणि मातीतली बुरशी यांनी मिळून दहा-पंधरा वर्षे काम करावे, आणि तोवर तेथले धान्य बाजारात तपासल्याशिवाय येऊ नये. बुरशीने जमीन निवळेल. पण आज गोदामात पडलेले पोते त्याने निवळत नाही.

ट्रायकोडर्मा गव्हाला चोळू नका

आपल्याकडे तूर-हरभऱ्याला मर लागू नये म्हणून शेतकरी ट्रायकोडर्मा वापरतात. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ त्याची शिफारस करते. हीसुद्धा बुरशी, आणि प्रयोगशाळेत तीही सेलेनियमच्या क्षारांपासून तांबडे सेलेनियम करते. म्हणून उद्या कोणी म्हणेल, रेशनच्या गव्हाला ट्रायकोडर्मा लावून ठेवा. तसे कदापि करू नये. दाण्याच्या प्रथिनात अडकलेले सेलेनियम बुरशी घरातल्या कोठीत काढू शकत नाही, आणि धान्यावर एकदा बुरशीला दार उघडले की कोणती आत येईल याचा भरवसा नसतो.

हे मी नुसते भीती घालायला लिहीत नाही. 1974 साली राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल जिल्ह्यांत अवकाळी पावसाने भिजलेल्या मक्यावर बुरशी आली. पोटाला दुसरे काही नव्हते म्हणून आदिवासी कुटुंबांनी तोच मका खाल्ला. बुरशीने तयार केलेल्या अफ्लाटॉक्सिन या विषाने यकृत जाऊन शंभरावर माणसे दगावली. शेतातली बुरशी आणि कोठीतली बुरशी, दोघींचे स्वभाव निराळे. दम्याच्या रोग्यांनी तर अल्टरनेरियाच्या धुळीपासूनही लांब राहिलेले बरे.

मग आपण काय करावे?

प्रत्येक गळणारा केस सेलेनियमचा नसतो. आजींच्या नातीचेही केस गळत होते. मी तिच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या तर आतून पांढुरक्या होत्या. रक्त कमी होते, सेलेनियम नव्हते. बाळंतपणानंतर, टायफॉईडनंतर, थायरॉईडच्या दोषाने, नुसत्या काळजीनेही केस जातात. पण एकाच घरात, एकाच गावात, आठ-पंधरा दिवसांत अनेकांचे केस एकदम जाऊ लागले, नखांवर आडव्या पांढऱ्या रेघा उमटल्या, श्वासाला लसणाचा वास येऊ लागला, मळमळ आणि थकवा असला, तर ती घरगुती बाब राहत नाही. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे. आणि जे गहू, जी ज्वारी, जे पाणी चालू होते, त्याचा एकेक किलो, एकेक लिटर स्वच्छ बाटलीत, तारीख लिहून बाजूला ठेवावा. सगळे धान्य घाबरून फेकून दिले, तर तपासणाऱ्याच्या हाती काहीच उरत नाही. पावती असेल तर तीही जपावी.

सेलेनियमला उतारा म्हणून एखादे खास औषध नाही. येणारे बंद करणे हाच उपचार. ते थांबले की शरीर हळूहळू ते बाहेर टाकते आणि केस बहुधा परत येतात.

औषधाच्या दुकानातून मात्र एक धोका घरी येऊ शकतो. केस गळू लागले की लोक दुकानातून "केसांच्या गोळ्या" आणतात. त्यांपैकी पुष्कळ गोळ्यांत सेलेनियम असते. एरवी ते प्रमाण चालते. पण आधीच सेलेनियमने केस जात असतील, तर ती गोळी आगीत तेल आहे. 2008 साली अमेरिकेत एका पौष्टिक पेयात चुकून सेलेनियम ठरल्यापेक्षा सुमारे 200 पट पडले आणि 10 राज्यांतील 201 माणसे केस, नखे गमावून आजारी पडली. तेव्हा गोळी घेण्याआधी तिच्या वेष्टनावरील बारीक अक्षरे वाचा, नाहीतर कोणाकडून वाचून घ्या.

कोंड्यासाठी आणि शिब्यासाठी सेलेनियम सल्फाइडचे जे शांपू मिळतात, त्यांची भीती बाळगू नये. तो क्षार पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि धडधाकट कातडीतून नाममात्र आत जातो. कातडी ओरबाडलेली, चिघळलेली असेल तर मात्र तो लावू नये. गंमत अशी की तेथे सेलेनियम बुरशीला मारते आणि शेतात बुरशी सेलेनियमला वठणीवर आणते.

रेशनचे गहू खावे की नाही? सरसकट नाही म्हणणारा मी कोण? ज्या घराला महिन्याचे धान्य तेथूनच मिळते, त्याला "फेका" म्हणणे सोपे, भरवायचे काय ते सांगणे अवघड. माझा सल्ला असा की एकाच पोत्यावर अवलंबून राहू नये. आठवड्यातले तीन-चार दिवस आपल्या शिवारातल्या ज्वारीची भाकर खावी, सोबत डाळ, शेंगदाणे, तीळ, जमेल त्यांनी अंडी घ्यावीत. दोन ठिकाणचे धान्य पोटात गेले की कोणत्याही एका ठिकाणचे विष आपोआप अर्ध्यावर येते. आणि धान्य कोठून आले, तपासले की नाही, हे तहसील कार्यालयात लेखी विचारण्याचा हक्क प्रत्येक कार्डधारकाला आहे. गावातल्या दहा जणांनी मिळून अर्ज दिला तर तो कागद हरवायला अवघड जातो.

आजींना मी हेच सांगितले. त्यांच्या गव्हातले मूठभर गहू एका बाटलीत घालून, चिठ्ठी चिकटवून परत दिले. जाताना त्या दारात थांबल्या आणि म्हणाल्या, "मंग लेकीले फोन करून सांगतो, का तिकडचंबी एक बाटली भरून ठेव म्हना. आन भाकरी थाप." नातू मात्र अजून बुरशीतच अडकला होता. संत्र्याच्या सालीवर कोणती बुरशी येते, हे विचारायला तो पुढच्या सोमवारी पुन्हा येणार आहे.